लढाईविना जादू: शांत, कनवाळू फँटसी कथा वाचायला सुरुवात करताना

फँटसी म्हटलं की बहुतेकांना जाडजूड कादंबऱ्याच आठवतात. पहिल्या पानावर नकाशा, शेवटच्या पानांवर राजघराण्यांची वंशावळ आणि मधल्या सातशे पानांत लढाया. एवढा वेळ नाही किंवा रक्तपाताचा कंटाळा आलाय, म्हणून कितीतरी चांगले वाचक या प्रकाराच्या वाटेला जातच नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. याच प्रकारात अशा लघुकथा भरपूर आहेत ज्यांत कुठलंही राज्य वाचवायचं नसतं, कोणी कोणाचा सूड घेत नाही, आणि तरी वाचून झाल्यावर त्या मनातून हलत नाहीत. पाऊस हाकलून लावायचा मोह आवरणारा म्हातारा जादूगार, साथीत सापडलेली गुरं बरी करत हिंडणारा अनोळखी माणूस, लोखंडी बूट घालून मैलोन्मैल चालणारी बाई. अशांच्या गोष्टी.

या कथा वाचताना 'पुढे काय होणार' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि 'कोणाचं कोणाकडे लक्ष आहे' हा प्रश्न हाताशी धरायचा. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हा प्रश्न सोबत असला की जी कथा आधी संथ वाटते तीच भरगच्च वाटू लागते. पुढच्या पायऱ्या या एका प्रश्नाच्या आधारानेच मांडल्या आहेत.

त्याआधी एक शंका: करुणेसाठी जादू कशाला हवी?

माणुसकीच्या कथा वास्तववादी साहित्यातही आहेत, मग त्यासाठी नसलेलं जग कशाला उभारायचं? शंका रास्त आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. पुढे १९४७ मध्ये ते निबंधाच्या रूपात छापलं गेलं. कथाकार शब्दांतून एक प्रतिसृष्टी उभी करतो आणि वाचक तिच्यात शिरला की तिथले नियम त्याच्यासाठी खरे होतात, असं त्यांचं म्हणणं. अशा कथांचा एक मोठा लाभ त्यांनी सांगितला. रोजच्या सवयीने ज्या गोष्टी आपल्याला दिसेनाशा होतात, म्हणजे दगड, लाकूड, झाड, गवत, घर, विस्तव, त्या पुन्हा स्वच्छ दिसायला लागतात.

त्यात मला एक भर घालावीशी वाटते. आपल्या जगातलं पात्र समोर आलं की नाव, आडनाव, बोलण्याची ढब यांवरून आपण त्याला लगेच एका कप्प्यात टाकतो. आपला की परका, वरचा की खालचा, हे कथा सुरू होण्याआधीच मनात ठरून जातं. प्रतिसृष्टीत ही सोय नसते. तिथल्या बेटांवर कोण उच्च आणि कोण नीच याची आपल्याला कल्पना नसते, त्यामुळे कळवळा कोणाविषयी वाटायला हवा हे आधीच ठरवून आपण आत जाऊ शकत नाही. पात्र जसं वागतं तसंच ते कळतं. ही सक्तीची निरागसता वास्तववादी कथेला फार कष्टाने मिळवावी लागते, फँटसीला ती दारातच मिळते.

पहिली पायरी: लांबी ठरवा

इंग्रजी फँटसीत कथेच्या लांबीचे प्रकार बऱ्यापैकी पक्के आहेत. नेब्युला या विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या अमेरिकन पुरस्काराच्या नियमांत ७,५०० शब्दांपेक्षा कमी ती लघुकथा, ७,५०० ते १७,५०० पर्यंत दीर्घकथा, आणि तिथून ४०,००० पर्यंत लघुकादंबरी. सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा. निवांत वाचली तरी अशी कथा एका बैठकीत संपते, आणि या कथा एका बैठकीतच वाचायला हव्यात. त्यांचा परिणाम सुरातून साधला जातो. अर्ध्यात सोडून दुसऱ्या दिवशी उचलली की घटना आठवतात, सूर मात्र हरवलेला असतो.

छोटा आकार या प्रकाराला मानवतो त्यालाही कारण आहे. कादंबरीला जग समजावून द्यावं लागतं: राज्यं, धर्म, व्यापार, इतिहास. लघुकथेत तेवढी जागाच नसते. चांगला लेखक मग जगाचा एक कोपरा उचलतो, एखादं गोठ्याचं आवार किंवा एक डोंगरउतार, आणि बाकी सगळं दाराबाहेर ठेवतो. दाराबाहेर काहीतरी अफाट आहे हे आपल्याला जाणवत राहतं, पण कथेचं लक्ष आत बसलेल्या दोन माणसांवरून ढळत नाही.

दुसरी पायरी: पहिली कथा नीट निवडा

पहिली निवड चुकली की माणूस त्या प्रकाराकडे परत फिरत नाही, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

माझी शिफारस आहे अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांचा 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा २००१ सालचा संग्रह. अर्थसी म्हणजे त्यांनी कल्पिलेलं बेटांचं जग. यात पाच कथा आहेत. त्या पहिल्यापासून क्रमाने वाचू नका. पहिली 'द फाइंडर' चांगलीच लांब आहे आणि तिच्यात क्रौर्यही बरंच आहे. सुरुवात 'द बोन्स ऑफ द अर्थ' या कथेपासून करा. गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर डल्स नावाचा म्हातारा जादूगार राहतो. कथा उघडते तेव्हा पाऊस पडतोय, आणि एक लहानसा मंत्र टाकून तो पाऊस डोंगरापलीकडे ढकलून द्यावा असा मोह त्याला होतोय. पण हलवलेला पाऊस दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर कोसळणार, म्हणून जाणत्याने उगाच हात घालू नये, अशी या जगाची धारणा आहे. जादू येते पण ती वापरायची नाही, या एका तणावातून आख्खा माणूस उभा राहतो. त्याच्या आठवणीत एक शिष्य आहे, इतका कमी बोलणारा की गुरूने त्याचं नावच 'सायलेन्स' ठेवलं. बेटावर भूकंप येऊ घातलाय हे म्हाताऱ्याला जाणवतं आणि कथा पुढे सरकते.

ही कथा मला विशेष का वाटते, तेही सांगतो. ले ग्विन यांची अर्थसीवरची पहिली कादंबरी १९६८ मध्ये आली. तिच्यात ऑगियन नावाचा जादूगार आहे, आणि भूकंप शांत करणारा माणूस म्हणून तो सगळीकडे ओळखला जातो. ऑगियन म्हणजे हाच तो अबोल शिष्य. तीन दशकांहून अधिक काळानंतर लेखिका त्याच घटनेकडे परत गेली आणि तिच्यामागे आणखी कोण उभं होतं ते तिने सांगितलं. मूळ कादंबरी वाचलेली नसली तरी कथा समजायला काही अडत नाही.

त्यानंतर त्याच संग्रहातली 'ऑन द हाय मार्श' वाचा. ती जरा लांब आहे, पण तोवर तुमची बैठक जमलेली असेल. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जुन्या, आता सर्वांसाठी मुक्त असलेल्या साहित्यातून सुरुवात करायची असेल तर ऑस्कर वाइल्ड यांची 'द हॅपी प्रिन्स' (१८८८) आणि जॉर्ज मॅकडोनाल्ड यांची 'द गोल्डन की' (१८६७) या दोन कथा सहज मिळतात. पहिली बहुतेकांनी लहानपणी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेली असते. मोठेपणी ती पुन्हा वाचून पाहा. पुतळा आणि पाकोळी यांच्यातल्या नात्याकडे आता वेगळी नजर जाईल. मॅकडोनाल्ड यांची कथा स्वप्नासारखी चालते. मॉसी नावाचा मुलगा आणि टँगल नावाची मुलगी परीलोकातून प्रवास करतात, वाटेत म्हातारे होतात. तिच्यात अर्थ शोधत बसू नका, नुसतं सोबत चालत राहा.

आणि एक कथा सुरुवातीला टाळाच, असं मी सांगेन: ले ग्विन यांचीच 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' (१९७३). ती छोटी आहे, प्रसिद्ध आहे, आवाज न चढवता लिहिलेली आहे, त्यामुळे कोणीतरी ती पहिलीच म्हणून हातात देण्याचा संभव असतो. एका सुखी शहराचं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनेवर उभं आहे, असा तिचा विषय. ती जरूर वाचावी, पण ती वाचकाला प्रश्नासमोर एकटं सोडते. या प्रकाराची ऊब आधी अनुभवून मग तिच्याकडे गेलं तर ती जास्त खोल उतरते.

तिसरी पायरी: पहिल्या पानावर नावांशी झटू नका

नवख्या वाचकाची पहिली अडचण नावांची असते. पहिल्याच परिच्छेदात दोन बेटं, एक डोंगर, एक विसरलेला राजा आणि उच्चार न कळणारे तीन शब्द. इथे थांबून शोधाशोध सुरू केली की कथा संपलीच म्हणायची. या कथांत जे नाव खरोखर लागणार असतं ते पुन्हा येतं. जे पुन्हा येत नाही ते फक्त हवा तयार करण्यासाठी असतं आणि त्याचं काम झालेलं असतं. उच्चार तुम्हाला जमेल तसा करा, फक्त दरवेळी तोच करा.

इंग्रजीत वाचत असाल तर शब्दकोशाचंही तेच. अडलेल्या शब्दाला पेन्सिलीने खूण करा आणि पुढे जा.

चौथी पायरी: काळजीचा धागा पकडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणाचं कोणाकडे लक्ष आहे?

'ऑन द हाय मार्श' घ्या. सेमेल नावाच्या बेटावर उंच पठारी पाणथळ भाग आहे, तिथे गुरं पाळणारे लोक राहतात. थंडीच्या दिवसांत एक अनोळखी माणूस पायी तिथे पोचतो. थकलेला, जरा भ्रमिष्टासारखा. गिफ्ट नावाची बाई त्याला घरात घेते. तिचा भाऊ दारूत बुडालेला आहे, परिस्थिती बेताची आहे, गुरांमध्ये साथ पसरली आहे. पाहुणा सांगतो की त्याला गुरं बरी करता येतात. त्याचा भूतकाळ फार जड आहे हे आपल्याला हळूहळू कळत जातं, आणि त्याला शोधत आणखी एक माणूस बेटावर येतो.

साहसकथा असती तर या दुसऱ्या माणसाच्या येण्याने दोन जादूगारांची जुंपली असती. ले ग्विन यांनी ती कथा बाजूला ठेवली आणि आपल्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे एखादं पात्र दुसऱ्याची गरज ओळखतं तिथे खूण करा. बाई पाहुण्याला काय खायला देते, तो कुठे झोपतो, ती कोणते प्रश्न विचारते आणि कोणते मुद्दाम विचारत नाही. पाहुणा आजारी जनावराला हात कसा लावतो. मागे कोण आलंय हे कळल्यावर बाई काय करते. या खुणा सलग वाचल्या की कथेचा सांगाडा दिसतो, आणि ती घटनांनी किती गच्च भरलेली आहे हे लक्षात येतं.

यात आणखी एक बारकावा आहे. काळजी घेणारं पात्र या कथांमध्ये बहुधा हुशारीने नाही तर नजरेने ओळखलं जातं. त्याला दिसतं. समोरच्याचे पाय सुजलेत, तो दाराकडे पाठ करून बसत नाही, ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवतो. लेखक हे तपशील वाचकाला आधी दाखवतो आणि पात्राच्या लक्षात ते कधी येतात याची आपल्याला वाट बघायला लावतो. शांत कथेतली उत्कंठा इथे असते. एखादं पात्र अखेर 'बस, दमला असशील' एवढंच म्हणतं आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतं.

पाचवी पायरी: जादूची किंमत बघा

शांत कथेतली जादू साधारण लहान असते आणि तिला मर्यादा असतात. वाचताना तीन गोष्टी मनात टिपा: जादू काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि ती करणाऱ्याला काय मोजावं लागतं. या तिसऱ्या गोष्टीतून करुणा येते. ज्याला दुसऱ्याचं दुखणं फुकटात दूर करता येतं त्याच्या भलेपणात गंमत नाही. रात्रभर थंडीत उभं राहून, स्वतःचं बळ उपसून जो जनावर वाचवतो त्याच्या भलेपणाला वजन येतं.

अर्थसीच्या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालू शकते, म्हणून लोक रोजच्या व्यवहारात दुसरंच नाव वापरतात. एवढा एक नियम मांडला की लेखिकेच्या हाती केवढं मोठं साधन येतं बघा. तिथे कोणी कोणाला आपलं खरं नाव सांगितलं की ती एक ओळच प्रेमाची, विश्वासाची, कधी निरोपाची सगळी जागा भरून काढते. पानभर भावनावर्णन करायची गरजच उरत नाही. जादूचा नियम आणि माणसांमधलं नातं असे एकमेकांत गुंफलेले दिसले की समजावं, लेखकाला आपलं काम येतं.

सहावी पायरी: खलनायक सापडत नसेल तर शोधू नका

शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की संघर्षाशिवाय कथा नाही. त्यामुळे पाच-सहा पानं उलटूनही शत्रू आला नाही तर वाचक अस्वस्थ होतो: काही घडतच नाहीये. पूर्व आशियात कथा रचण्याची एक जुनी चौपदरी पद्धत आहे, मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली. जपानीत तिला किशोतेनकेत्सु म्हणतात. पहिल्या भागात ओळख, दुसऱ्यात तिचा विस्तार, तिसऱ्यात अनपेक्षित असं काहीतरी वेगळं समोर येतं, आणि चौथ्यात ते वेगळं आधीच्या गोष्टींशी जुळतं. यात कोणी कोणाला हरवायची गरज नसते. वाचकाची नजर बदलणं हीच घटना. कथा 'चालत नाही' असं वाटलं की हे चार भाग लावून पाहा, खास करून तिसरा कुठे सुरू होतो ते.

ले ग्विन यांनी १९८६ च्या एका निबंधात याच दुखण्यावर बोट ठेवलं. माणसाचं आद्य साधन भाला किंवा सोटा असण्यापेक्षा दाणे, फळं गोळा करून घरी आणायची झोळी असण्याची शक्यता जास्त, या मांडणीचा आधार घेऊन त्या म्हणतात की कथेलाही झोळीचा आकार असू शकतो. शिकारीच्या कथेला एकच दिशा असते, भाला सुटतो आणि लागतो. झोळीत मात्र पुष्कळ गोष्टी एकमेकींना टेकून राहतात. फँटसीत तलवारीचं इतकं माजलेलं राज्य असताना हे म्हणणं फार मोलाचं आहे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे टॉल्किन यांची 'लीफ बाय निगल' ही १९४५ मध्ये प्रथम छापली गेलेली कथा. महाकाय युद्धं लिहिणाऱ्या लेखकाने ही केवढीशी गोष्ट लिहिली. निगल नावाचा साधा चित्रकार एका झाडाचं मोठं चित्र काढतोय, एकेक पान रंगवत. त्याला लवकरच एका प्रवासाला निघायचं आहे. शेजारी पॅरिश पायाने अधू आहे, बायको आजारी आहे, आणि तो ऐन वेळी मदत मागायला येतो. निगल मनातून कुरकुरतो, पण जातो. पुढे काय होतं ते कथेतच वाचा. शेजाऱ्यासाठी मोडलेला तो वेळ कथा अखेर कुठे आणि कसा हिशेबात धरते, तेवढं बघा. निगल संत नाही, वैतागणारा माणूस आहे, म्हणूनच त्याची मदत खरी वाटते.

सातवी पायरी: गोडवा आणि करुणा यांतला फरक ओळखा

या प्रकाराची लोकप्रियता वाढली तशी नकलाही वाढल्या. सगळी पात्रं भली, सगळ्यांना उबदार पेय मिळतं, कोणाचंही काही बिघडत नाही, आणि शेवटी सगळे एकमेकांना मिठी मारतात. दमलेल्या संध्याकाळी अशी कथाही चालते. पण ती संपताच विरून जाते आणि नवखा वाचक 'हा प्रकार एवढाच' असं समजून बसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फरक ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. कथेतल्या भलेपणाला नाही म्हणायची संधी होती का? पात्राकडे दार लावून घ्यायचं चांगलं कारण होतं, आणि तरी त्याने ते उघडलं, असं असेल तर ती करुणा. दार लावायचा विचारही कोणाच्या मनात येऊ शकला नसता, अशी सगळी रचना असेल तर तो नुसता गोडवा. दुसरी खूण दुःखाची. खऱ्या करुणामय कथेत दुःख पुसलं जात नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, गमावलेली वर्षं भरून निघत नाहीत. दुःख असलेल्या माणसाला सोबत मिळते, एवढंच होतं, आणि तेवढं पुरतं.

अमल एल-मोहतार यांची 'सीझन्स ऑफ ग्लास अँड आयर्न' (२०१६) या कसोटीवर घासून पाहा. या लघुकथेला ह्यूगो, नेब्युला आणि लोकस असे या क्षेत्रातले तिन्ही मोठे पुरस्कार मिळाले. दोन वेगळ्या परीकथांमधून आलेल्या दोन बायका. टॅबिथा लोखंडी बुटांच्या जोड्या झिजवत चालतेय, ही तिची शिक्षा आहे. अमीरा काचेच्या डोंगरमाथ्यावर बसून आहे आणि तिला जिंकायला येणारे पुरुष खालून चढायची धडपड करतात. टॅबिथा चढून वर येते. आपापलं भोगणं दोघींनी मुकाट्याने योग्य मानलेलं आहे. पण दुसरीवर होणारा अन्याय मात्र प्रत्येकीला लख्ख दिसतो. एकमेकींकडे बघता बघता त्या स्वतःकडे बघायला शिकतात. तलवार नाही, राक्षस नाही, डोंगरमाथ्यावरचं बोलणं तेवढं आहे. मघाशी सांगितलेला लक्ष देण्याचा प्रश्न इथे कथेचा विषयच होऊन बसला आहे, म्हणून तीन-चार कथा वाचून झाल्यावर ही वाचलीत तर जास्त भावेल.

आठवी पायरी: शेवटानंतर लगेच पुढची कथा उघडू नका

शांत कथा बऱ्याचदा आपल्या अपेक्षेच्या एक पाऊल आधी थांबते. 'आणि मग?' असं मनात येतं. त्या क्षणी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा, आणि लगेच पहिला. पहिल्या परिच्छेदात पात्र ज्या गोष्टीकडे पाठ फिरवून होतं तिच्याकडे ते शेवटी तोंड करून उभं आहे का, हे तपासा. बहुतेक वेळा बदललेली गोष्ट तेवढीच असते.

एक वही ठेवली तर उत्तम. कथेचं नाव, लेखकाचं नाव, आणि खाली दोन ओळी: कोणी कोणाची काळजी घेतली, आणि त्यासाठी काय सोडलं. कथानकाचा सारांश लिहू नका, तो कुठेही मिळतो.

नववी पायरी: कानाने वाचा

या कथांचं गद्य संथ लयीचं असतं आणि डोळ्यांना घाईची सवय लागलेली असते. त्यामुळे अधूनमधून ऐकणं फार उपयोगी पडतं. 'पॉडकॅसल' हा फँटसी लघुकथांना वाहिलेला पॉडकास्ट २००८ मध्ये सुरू झाला, त्याचा जुना साठा प्रचंड आहे. प्रतिसृष्टीत घडणाऱ्या कथांना वाहिलेलं 'बिनीथ सीसलेस स्काइज' हे ऑनलाइन मासिकही २००८ चंच. त्यातल्या काही कथा ध्वनिरूपातही आहेत. त्यातली प्रत्येक कथा शांत नसते, साहसाचा भाग बराच असतो, पण पहिल्या दोन परिच्छेदांत कथेचा सूर कळतो. २०१४ पासूनचं 'अनकॅनी' हे मासिकही चाळण्यासारखं आहे. ऐकताना दुसरं काम करायला हरकत नाही, पण हातांचं काम असावं, शब्दांचं नको.

घरात कोणी ऐकणारं असेल तर मोठ्याने वाचून दाखवा, अनुवाद करत करत सांगितलीत तरी चालेल. सांगताना कुठे तुमचा आवाज आपोआप हळू होतो ते बघा. लेखकाने जीव ओतलेली जागा बहुतेक तीच असते.

त्यापुढे

आठ-दहा लघुकथा झाल्या की लघुकादंबरीकडे वळायला हरकत नाही. न्गी व्हो यांची 'द एम्प्रेस ऑफ सॉल्ट अँड फॉर्च्युन' (२०२०) तिथून सुरुवात करायला अगदी योग्य. तिला २०२१ चा ह्यूगो मिळाला. एका मठातून आलेली चिह नावाची व्यक्ती गोष्टी गोळा करत हिंडते. सोबत 'ऑलमोस्ट ब्रिलियंट' नावाचा हुदहुद पक्षी, जो ऐकलेलं काहीच विसरत नाही. राणीच्या जुन्या निवासात त्यांना रॅबिट नावाची म्हातारी दासी भेटते. घरातल्या एकेका वस्तूची नोंद होते आणि त्या वस्तूवरून म्हातारी एकेक आठवण सांगते. साम्राज्य उलथवणारी उलाढाल होऊन गेलेली आहे, पण ती आपल्यापर्यंत पोचते एका दासीच्या नजरेतून, जिच्याकडे त्या काळी कोणी वळूनही पाहिलं नव्हतं. चिह फारसं काही करत नाही. ऐकते, लिहून घेते, आणि बरोबर वेळी गप्प बसते.

वाचताना वस्तूंच्या याद्या ओलांडून पुढे जाऊ नका. पहिल्यांदा त्या कोरड्या वाटतात; प्रकरण संपलं की मागे येऊन तीच यादी परत वाचायची. याच मालिकेत चिहच्या प्रवासाच्या आणखी लघुकादंबऱ्या आहेत. प्रत्येक स्वतंत्र आहे, त्यामुळे हाताला लागेल ती आधी घेतली तरी बिघडत नाही.